मला वाटलं तुझ्याकडे आहे

प्रश्न असा आला आहे: आजी-आजोबा, नवरा-बायको आणि दोन मुलं असं सहा जणांचं कुटुंब पहिल्यांदाच परदेशी निघालं आहे. आधी जाऊन आलेल्यांचे फजितीचे किस्से ऐकून आजी धास्तावल्या आहेत, नातीला स्नो ग्लोब (हलवला की आत बर्फ पडताना दिसतो तो काचेचा गोळा) हवाच आहे, आणि कुणासाठी काय आणायचं ही यादी आत्ताच दोन पानांवर गेली आहे. खरंच एवढे गोंधळ होतात का? आणि आठवण म्हणून आणावं तरी काय?

होतात. मी २२ वर्षं टूर मॅनेजर म्हणून कुटुंबांना घेऊन फिरते आहे, आणि एकही गोंधळ न करता परत आलेलं कुटुंब मला अजून भेटायचं आहे. चोरी, आजारपण, हरवलेला पासपोर्ट हे वेगळे विषय, ते इथे बाजूला ठेवते. नंतर हसू येतं अशा फजित्यांबद्दलच बोलते. त्यांची मुळं फार थोडी असतात. एक किस्सा सांगते, म्हणजे कळेल.

स्वित्झर्लंडमध्ये इंटरलाकेन ओस्ट स्टेशनवरून युंगफ्राउयोख या उंचावरच्या स्टेशनच्या दिशेने डोंगरात जाणारी गाडी सुटते. दिसायला एक, पण असतात दोन. त्स्वायल्यूट्शिनेन नावाच्या छोट्या स्टेशनवर (हे नाव धड उच्चारायला मला पाच वर्षं लागली) ती मधोमध तुटते. अर्धी लाउटरब्रुनेनला जाते, अर्धी ग्रिंडेलवाल्डला. दोन वेगळ्या दऱ्या. डब्यावर पाटी असते, घोषणा होते, मी स्वतः तीनदा बजावलेलं असतं. तरी एका कुटुंबातले आजोबा दोन नातवंडांना घेऊन दुसऱ्या टोकाच्या डब्यात चढले, कारण तिथे खिडकी मोकळी होती. "गाडी सुटली की आतून चालत येतो," म्हणाले. दोन गाड्यांच्या मधून वाट नसते.

त्स्वायल्यूट्शिनेनला डबे वेगळे झाले तेव्हा आजोबांनी खिडकीतून हात हलवला. आजींनीही हलवला. दोघांनाही वाटलं, शंटिंग चाललंय. मग एक गाडी एका दरीत वळली, दुसरी दुसऱ्या, आणि आमच्या डब्यात एकदम शांतता पसरली.

"बाबांना फोन लाव!"

फोन वाजला तो सूनबाईंच्या पर्समध्ये. बाबांकडून हरवेल म्हणून तिने सकाळीच काढून घेतला होता. तिकिटं? सगळी मुलाच्या जाकिटात. पैसे? "मला वाटलं तू दिलेस." "मला वाटलं त्यांच्याकडे असतील." हे आजींच्या देखत चाललेलं. आजी मात्र दरीतला धबधबा बघत होत्या.

वाचवलं भूगोलाने. दोन्ही दऱ्यांमधून वर जाणाऱ्या गाड्या क्लाइने शायडेग नावाच्या खिंडीत, २०६१ मीटरवर एकमेकींना भेटतात. आमच्या गाडीतल्या तपासनिसाने त्या गाडीतल्या तपासनिसाला फोन केला, निरोप पोचला: ग्रिंडेलवाल्डला गाडी बदला, वर या, तिथेच थांबा. आम्ही वर पोचलो तेव्हा आजोबा आयगर शिखराच्या त्या सुप्रसिद्ध उत्तर भिंतीकडे तोंड करून बाकावर बसले होते. दोन्ही बाजूंना नातवंडं, तिघांच्याही तोंडात कुणीतरी दिलेलं चॉकलेट. मनगटावरचं घड्याळ दाखवून आम्हाला म्हणाले, "उशीर केलात."

माझ्या अनुभवात कुटुंबाच्या सहलीतल्या बहुतेक फजित्या या एका वाक्यात सापडतात: "मला वाटलं तुझ्याकडे आहे." देश, भाषा, हवामान यांच्या नावाने बोटं मोडली जातात, पण त्यांचा दोष कमी. आणि लक्षात घ्या, गोंधळ घरातल्या वेंधळ्या माणसामुळे होत नाही, हुशार माणसामुळे होतो. वेंधळ्याकडे कुणी काही देतच नाही. सगळे पासपोर्ट, सगळी तिकिटं, सगळे पैसे आणि हॉटेलचं नाव घरातल्या हुशार माणसाकडे असतं. तो माणूस स्वच्छतागृहात गेला की उरलेले पाच जण त्या देशात निराधार होतात.

म्हणून माझा पहिला सल्ला आजींना घाबरू नका असा नाही. प्रत्येकाकडे त्याचं स्वतःचं तिकीट द्या. आजोबांचा फोन आजोबांकडेच राहू द्या, हरवला तर हरवला. हॉटेलचं कार्ड, म्हणजे नाव-पत्ता तिथल्या लिपीत छापलेलं ते छोटं कार्ड, रिसेप्शनवरून सहा घ्या आणि सहा खिशांत घाला. जपानमध्ये किंवा चीनमध्ये टॅक्सीवाल्याला इंग्रजी उच्चार ऐकवण्यापेक्षा ते कार्ड पुढे करणं शंभरपट सोपं. मुलांच्याही खिशात थोडं स्थानिक चलन असावं. आणि मेट्रोत ताटातूट झाली तर काय करायचं ते आधीच ठरवा. माझ्या ग्रुपचा नियम असा: जो गाडीत राहिला त्याने पुढच्या स्टेशनवर उतरून फलाटावरच थांबायचं, मागे राहिलेल्यांनी पुढच्या गाडीने तिथे जायचं. दोन्ही बाजू एकमेकांना शोधायला निघाल्या की दिवस गेला.

क्लाइने शायडेगवरून आणखी वर, ३४५४ मीटरवर युंगफ्राउयोखचं स्टेशन आहे. तिथे मुलांनी पाठपिशवीतून वेफर्सचं पाकीट काढलं तर ते उशीसारखं फुगलेलं. बाहेरच्या हवेचा दाब कमी, आतली हवा खालची. मुलांना केवढं आश्चर्य! हाच चमत्कार विमानात तुमच्या शाम्पूच्या बाटलीबाबत घडतो, तेव्हा मात्र कुणाला आश्चर्य वाटत नाही, कारण शाम्पू कपड्यांवर असतो. बाटली किंचित दाबून, हवा काढून मग झाकण लावायचं, एवढंच.

नावांचे घोळ ही दुसरी खाण. २००२ साली एक ब्रिटिश जोडपं ऑस्ट्रेलियातल्या सिडनीला निघालं आणि कॅनडातल्या नोव्हा स्कॉशियामधल्या सिडनीला उतरलं. २०१७ मध्ये नेदरलँड्सचा एक तरुण तसाच तिथे पोचला, तोही बर्फाळ देशाला न शोभणाऱ्या कपड्यांत. विमानतळाचं तीन अक्षरी सांकेतिक नाव पाहिलं असतं तर कळलं असतं: ऑस्ट्रेलियातलं एसवायडी, कॅनडातलं वायक्यूवाय. तिकीट काढताना शहराचं नाव वाचू नका, ही तीन अक्षरं वाचा.

युरोपात तर शहरं आपापल्या भाषेत नावं सांगतात. व्हेनिसच्या स्टेशनवर माझ्या ग्रुपमधल्या एक मावशी फलकावर फ्लॉरेन्स शोधत उभ्या होत्या, आणि फिरेंझेची गाडी त्यांच्या डोळ्यांसमोरून निघून गेली. फिरेंझे म्हणजेच फ्लॉरेन्स. व्हिएन्ना म्हणजे वीन. यावर कडी म्हणजे इटालियन लोक म्युनिकलाही मोनाको म्हणतात. समुद्रकिनारच्या मोनाको देशात कॅसिनो बघायला निघालेला माणूस डोंगर ओलांडून जर्मनीत पोचू शकतो.

जर्मनीत गाडी भाड्याने घेणाऱ्यांचा एक घोळ माझ्याकडे दर दोन-तीन वर्षांनी येतो. गाडी कुठे लावली हे लक्षात राहावं म्हणून रस्त्याच्या पाटीचा फोटो काढायचा, हे शहाणपणच. पण पाटीवर असतं 'आइनबानश्ट्रासं', आणि त्याचा अर्थ 'एकेरी वाहतूक'. हा विनोद मी फार पूर्वी ऐकला होता, बनवलेला वाटायचा. मग एका संध्याकाळी एक काका फोनवरची ती पाटी मला अभिमानाने दाखवायला लागले. आम्ही त्या शहरातले सगळे एकेरी रस्ते पायी पाहिले.

हॉटेलांकडे वळू. इटलीतल्या हॉटेलात बाथरूममध्ये टबाच्या वर एक दोरी लोंबत असते. ती कपडे वाळत घालायची नाही. कुणी आत पडलं-झडलं तर मदतीसाठी ओढायची घंटा आहे ती. माझ्या ग्रुपमधल्या एका बाईंनी तिला मोजे अडकवले, आणि दोन मिनिटांत रिसेप्शनवरचा पोरगा धापा टाकत दारात. नळावरचं 'सी' हे अक्षर इंग्रजी समजून उघडू नका. इटलीत, फ्रान्समध्ये, स्पेनमध्ये 'सी' म्हणजे गरम, कारण त्यांचे गरमचे शब्द त्या अक्षराने सुरू होतात. थंड पाण्याला 'एफ'. युरोपात बहुतेक ठिकाणी तळमजला शून्य आणि पहिला मजला त्याच्या वर, अमेरिकेत आणि जपानमध्ये तळमजलाच पहिला. त्यामुळे रात्री अकराला भलत्याच मजल्यावरच्या माणसाचं दार ठोठावून "झोपलात का रे?" विचारणारे आजोबा मी पाहिले आहेत. आणि खोलीचं दार ओढलं की बाहेरून आपोआप बंद होतं. ते घरातल्या एखाद्या पुरुषाला चड्डी-बनियनवर कॉरिडॉरमध्ये उभं केल्याशिवाय पटत नाही, तेव्हा सांगून उपयोग नाही.

पण हॉटेलातला माझा सगळ्यांत आवडता किस्सा खरेदीशी जोडलेला आहे. एका मावशींची खोली उघडेना. रिसेप्शनवरच्या मुलीने कार्ड पुन्हा भरून दिलं. वर गेल्या, उघडेना. पुन्हा खाली. दुसरं कार्ड दिलं, तेही वर जाईपर्यंत मेलेलं. तिसऱ्या फेरीला मावशी संतापल्या, "तुमची यंत्रणाच बिघडली आहे!" ती मुलगी शांतपणे म्हणाली, "बाई, कार्ड कुठे ठेवता ते दाखवता?" मावशींनी पर्स उघडली. आत फ्रिजवर लावायची चुंबकं, दोन डझन, सगळी एकमेकांना चिकटून एक गोळा झालेला. त्या गोळ्याला केसांच्या पिना, सेफ्टी पिना, एक छोटी कात्री आणि मधोमध आमचं कार्ड. काळ्या पट्टीचं कार्ड असेल तर त्यावरची खूण चुंबकाने सहज पुसली जाते. हल्ली टेकवून उघडायच्या कार्डांना हा धोका नाही, पण जुन्या हॉटेलांत काळी पट्टी अजून भेटते. चुंबकं घ्या, दुसऱ्या कप्प्यात ठेवा.

आता तुमच्या दोन पानी यादीकडे येते. ती फाडा असं सांगणार नाही, कारण फाडणार नाही हे मला माहीत आहे. पण ज्यांची नावं दुसऱ्या पानावर आहेत त्यांना चॉकलेट पुरतं, हे लिहून ठेवा. कीचेन आणू नका. आजवर एकाही माणसाने कीचेन मिळाल्यावर खरंखुरं 'वा' म्हटलेलं मी ऐकलेलं नाही. आणि मनोऱ्याच्या पायथ्याशी विकली जाणारी मनोऱ्याची प्रतिकृती उलटी करून बघा, कुठे बनली ते तळाशी लिहिलेलं असतं. व्हेनिसमध्ये काच घ्यायची तर १२९१ सालापासून काचेच्या भट्ट्या ज्या बेटावर आहेत त्या मुरानोवर जा, फुंकून घडवताना बघा, आणि एकच छोटी वस्तू घ्या. पुलावरच्या टोपलीतली स्वस्त काच मुरानोची असण्याची शक्यता फार कमी.

नातीच्या स्नो ग्लोबबद्दल. या वस्तूशी व्हिएन्नाचं नाव जोडलेलं आहे. एर्विन पेर्त्सी नावाचा शस्त्रक्रियेची उपकरणं बनवणारा कारागीर १९०० च्या सुमारास दिव्याचा प्रकाश वाढवायच्या खटपटीत होता. पाण्याने भरलेल्या काचेच्या गोळ्यात त्याने प्रकाश पसरवायला निरनिराळे कण घालून पाहिले, त्यात चक्क रवा टाकला. प्रकाश काही वाढला नाही, पण रवा हळूहळू खाली बसताना बर्फ पडल्यासारखा दिसला. त्याच्या घराण्यात आजही व्हिएन्नात हे गोळे बनतात. तेव्हा व्हिएन्नाला जाणार असाल तर तिथलाच घ्या.

पण तो पाण्याचा गोळा आहे, हे दुकानात कुणाच्या लक्षात राहत नाही. सुरक्षा तपासणीला तो द्रव पदार्थ ठरतो, आणि हातातल्या बॅगेत १०० मिलिलिटरच्या वर द्रव चालत नाही. काही विमानतळांवर नवी यंत्रं आल्याने नियम सैल झाले आहेत, पण मध्ये विमान बदलाल त्या विमानतळावर जुनाच नियम असू शकतो. आठ वर्षांची एक मुलगी तपासणीच्या पट्ट्यापाशी तो गोळा छातीशी धरून उभी होती. समोरचा अधिकारी चांगला माणूस, त्यालाही तो काढून घ्यायचं जिवावर आलेलं. शेवटी त्याने तिला तो एकदा हलवू दिला, बर्फ पूर्ण खाली बसेपर्यंत सगळी रांग थांबली, आणि मग घेतला. म्हणून गोळा मोज्यात, मोजा बुटात, बूट मोठ्या बॅगेत. पॉवर बँकचं बरोबर उलटं: ती मोठ्या बॅगेत चालत नाही, सोबतच लागते. कुटुंबं नेमकी अदलाबदल करतात आणि मग चेक-इनपाशी जमिनीवर बॅग उघडून बसतात, सगळ्या जगाला आपले कपडे दाखवत.

वाळू, दगड, शिंपले फुकट असतात म्हणून मुलांना आवडतात, आणि महागात तेच पडतात. इटलीतल्या सार्डिनिया बेटावरून वाळू नेणं गुन्हा आहे. २०१९ मध्ये एका फ्रेंच जोडप्याच्या गाडीत १४ बाटल्यांत भरलेली ४० किलो वाळू सापडली, "आठवण म्हणून घेतली" म्हणाले, आणि तुरुंगाची शिक्षा होऊ शकते इथपर्यंत गोष्ट गेली. हवाईच्या ज्वालामुखीचे दगड आणि ऑस्ट्रेलियातल्या उलुरूची माती नेलेले लोक तर वर्षानुवर्षं ते टपालाने परत पाठवत असतात, सोबत माफीची पत्रं. नेल्यापासून घरात काही ना काही बिघडतंय असं त्यांना वाटतं. पोवळं, हस्तिदंत, कासवाच्या कवचाच्या वस्तू दुकानात राजरोस विकायला असल्या तरी सीमेवर अडकू शकतात, त्या नकोतच. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडला जाताना लाकूड, बिया, पिसं, खाण्याचं काहीही जवळ असेल तर अर्जावर स्पष्ट 'हो' लिहा. सांगितलं तर फार तर वस्तू ठेवून घेतात. न सांगता विमानात मिळालेलं सफरचंद पर्समध्ये राहिलं, तर न्यूझीलंडमध्ये जागेवर ४०० डॉलर दंड होतो. इतकं महाग सफरचंद खायलाही मिळत नाही.

काही लोक आणण्याऐवजी तिथे ठेवून येतात. २०१३ मध्ये पॅरिसच्या पाँ दे आर पुलावर एका जोडप्याला प्रेमाची खूण म्हणून कुलूप लावायचं होतं. विकत कशाला, म्हणून नवऱ्याने हातातल्या छोट्या बॅगेचं कुलूप काढून कठड्याला लावलं, दोघांनी मिळून किल्ली सीन नदीत भिरकावली. फोटो सुंदर आला. रात्री हॉटेलात लक्षात आलं की कुलपं जोडीने घेतली होती, दोन्हींना चालणाऱ्या किल्ल्या एकाच कडीत होत्या, आणि जोडीतलं दुसरं कुलूप मोठ्या बॅगेला होतं. "दुसरी किल्ली तुझ्याकडे आहे ना?" "मला वाटलं..." पुढचं तुम्ही ओळखलंच. हॉटेलच्या मेस्त्रीने पक्कडीने कुलूप तोडलं. त्यांच्यासारख्यांच्या कुलपांनीच पुढच्या वर्षी त्या पुलाचा कठडा एका जागी कोसळला, आणि २०१५ मध्ये पालिकेने सुमारे ४५ टन कुलपं उतरवली. रोमच्या त्रेव्ही कारंज्यात नाणं टाकायला मात्र माझी हरकत नाही. तिथली नाणी गोळा करून कारितास या संस्थेला गरजूंसाठी दिली जातात. फक्त पाठमोरं उभं राहून खांद्यावरून टाकताना हळू. आजोबा लोक क्रिकेटच्या जोरात फेकतात, आणि समोर दुसऱ्या देशातल्या आजी बसलेल्या असतात.

नाण्यांवरून आठवलं. मुलांसाठी मी कायम एकच खरेदी सुचवते, जी खरेदी नाहीच. युरोची नाणी एका बाजूने सगळीकडे सारखी, दुसरी बाजू प्रत्येक देशाची वेगळी. आयर्लंडची वीणा, जर्मनीचा गरुड, इटलीच्या एक युरोवर लिओनार्दोने काढलेला हात पसरलेला माणूस, ऑस्ट्रियाच्या एक युरोवर मोत्सार्ट. सुट्टे परत मिळाले की मुलं ते उलटसुलट करून बघत बसतात, रांगेत कंटाळत नाहीत. नाहीतरी उरलेली नाणी बदलून कुणी देत नाही. मात्र जुन्या सहलीतलं चलन जपून ठेवलं असेल तर आधी तपासा. एका आजोबांनी लंडनमध्ये मोठ्या रुबाबात सगळ्यांच्या कॉफीचे पैसे द्यायला खिशातून गोल पौंड काढले. ती नाणी ऑक्टोबर २०१७ मध्येच चलनातून गेली होती. आता नवं नाणं बारा बाजूंचं आहे. काउंटरवरच्या पोराने ती एखाद्या उत्खननात सापडल्यासारखी उचलून पाहिली.

पोस्टकार्ड अजूनही मला सगळ्यांत आवडतं, स्वतःच्याच पत्त्यावर पाठवलेलं. आपण घरी पोचतो, धुणं-बिणं उरकतं, आणि मग एक दिवस आपल्याच अक्षरात व्हॅटिकनहून पत्र येतं. व्हॅटिकनचा मात्र एक पेच आहे. तिथलं तिकीट तिथल्याच पिवळ्या पेटीत चालतं. पेटी सापडली नाही म्हणून चौक ओलांडून रोमच्या लाल पेटीत टाकलेली माझ्या ग्रुपची अकरा पत्रं कुठे आहेत, देव जाणे.

मोठी खरेदी केलीत आणि कर परत मिळवायचा असेल, तर युरोपीय संघातून बाहेर पडताना वस्तू न वापरलेली आणि हाताशी हवी. कस्टम्सचा शिक्का आधी, बॅग चेक-इन नंतर. हा क्रम चुकलेले लोक काउंटरवर पावती दाखवतात आणि घड्याळ विमानाच्या पोटात असतं. इंग्लंडमधल्या दुकानांत ही सवलत पर्यटकांसाठी २०२१ पासून बंद झाली आहे, तेव्हा जुन्या आठवणींवर विसंबू नका.

घड्याळावरून शेवटचा किस्सा, कारण तुमच्याकडेही कुणीतरी ककू क्लॉक, म्हणजे तासाला आतून पक्षी बाहेर येऊन ओरडतो ते घड्याळ, घेणारच. जर्मनीच्या ब्लॅक फॉरेस्टमध्ये एका कुटुंबाने खूप विचार करून खरं, यांत्रिक घड्याळ घेतलं. बॅटरीवालं नाही. खाली पाइनच्या फळांच्या आकाराची लोखंडी वजनं, ती ओढून वर घ्यायची, पक्ष्याचा आवाज म्हणजे आत दोन छोटे भाते आणि दोन शिट्या. घड्याळ घरापर्यंत धड पोचलं, भिंतीवर लागलं, लंबक हलायला लागला, काटे फिरले. पक्षी मुका. दार उघडेना, आवाज येईना. मला फोन आला तेव्हा काका दुकानदाराला पत्र लिहायला बसले होते, आणि मागून काकूंचा आवाज: "मी म्हटलंच होतं, बॅग आपटू नका."

मी विचारलं, "पक्ष्याच्या दाराला बाहेरून बारीक तारेची कडी आहे का?" होती. प्रवासात दार उघडू नये म्हणून लावतात. ती सरकवली. "आता मागचं झाकण काढा. भात्यांवर क्लिप किंवा कागदाची घडी अडकवलेली दिसते?" दिसली. हे सगळं सोबतच्या कागदावर चित्रांसह होतं. "कागद? तो मला वाटलं तिने ठेवलाय." काकूंना अर्थातच वाटलं होतं, त्यांनी ठेवलाय. काकांनी क्लिप काढली, मिनिटकाटा बोटाने हळूच बारावर नेला, आणि फोनमधून मला चार वेळा स्पष्ट कुक्कू ऐकू आलं. मग टाळ्या. बहुधा शेजारीही आले असावेत.

रात्री साडेअकराला पुन्हा त्यांचाच फोन. "अहो, हा अर्ध्या तासालाही ओरडतो. गप्प कसा करायचा?"

"खाली किंवा बाजूला एक छोटी दांडी असते बघा," मी म्हटलं. "तेही त्याच कागदावर आहे."